बारावीनंतर बीए नाटक की बीए कथक? (घरी वादावादी चालू आहे)

सांगलीची_पोरगी

नमस्कार, इथं पहिल्यांदाच लिहितीये, काही चुकलं तर सांभाळून घ्या. आत्ता बारावी झाले, सायन्सनं (कशाला घेतलं होतं विचारू नका). कथक दुसरीत असल्यापासून शिकतीये, गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षांतली विशारद प्रथम झाली, विशारद पूर्ण राहिलीये. आणि अकरावीत कॉलेजच्या एकांकिकेत बॅकस्टेजला होते, म्हणजे कपड्यांना इस्त्री आणि चहा, पण प्रयोगाच्या दोन दिवस आधी म्हातारीचं काम करणारी मुलगी तापानं पडली आणि सगळं पाठ मलाच होतं म्हणून मला उभं केलं. एका वाक्याला पब्लिक हसलं ना, त्या दिवसापासून माझं डोकं ठिकाणावर नाहीये.

आता प्रश्न असा की मला पुण्याला जाऊन यातलंच काहीतरी बीए करायचंय पण नाटक का कथक ते ठरत नाहीये, दोन्ही एकत्र करता येतं का, ऑडिशनला काय विचारतात, होस्टेल वगैरे धरून झेपेल का, आणि पुढं काय नोकरी मिळते हे घरी सांगायला काहीतरी हवंय कारण पप्पा म्हणतात बीकॉम कर, नाच काय संध्याकाळी पण करता येतो. पप्पा मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात हिशोब बघतात, त्यांचं सगळं आकड्यात चालतं. आजोबांचं तर अजूनच वेगळं. दर ५ नोव्हेंबरला इस्त्रीचा सदरा घालून भावे नाट्यमंदिरात जाणार, गौरव पदकाचा कार्यक्रम शेवटपर्यंत बघणार, येताना आम्हाला १८४३ सालचं सीता स्वयंवर, म्हणजे मराठीतलं पहिलं मानलेलं नाटक, ऐकवणार, सांगली म्हणजे नाट्यपंढरी हे तर आम्ही बाळगुटीतनं प्यायलोय. आणि नात नाटक शिकणार म्हटल्यावर दोन दिवस जेवताना बोलले नाहीत!

ज्यांनी खरंच केलंय त्यांनी सांगा प्लीज. "मनाचं ऐक" टाईप उत्तरं नकोत, ती मैत्रिणींनी दिलीयेत.

---

विंगेतला_वेताळ

मी पुण्यात नाटकात बीए आणि एमए दोन्ही केलंय, आता लाइट करतो. लांबलचक लिहितोय, चहा घेऊन बस.

पहिलं म्हणजे दोन्ही एकत्र का, तर नाही. फॉर्म भरतानाच मुख्य विषय एक निवडायचा असतो, नाटक किंवा नृत्य किंवा संगीत. पण पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र, ज्याच्या नावातच कंसात गुरुकुल असं आहे, ते १९८७ पासून या तिन्ही गोष्टी एकाच आवारात शिकवतं. त्याचा फायदा कागदावर दिसत नाही. तुझी तालीम चालू असताना बाजूच्या खोलीत कुणीतरी तबल्यावर बसलेलं असतं, नाचाच्या पोरी घुंगरू हातात धरून तुझ्या तालमीला येऊन बसतात, तुला त्यांच्या सादरीकरणाला लाइट करायला लागतो. मी स्वतः लाइट करायला शिकलो ते निम्मं कथकच्या कार्यक्रमांवर, कारण नाचात पाय दिसले पाहिजेत आणि चेहरा पण दिसला पाहिजे, आणि नाटकवाले सगळा लाइट वरनं मारायला शिकलेले असतात. साइडनं, विंगेतनं, घोट्याच्या उंचीवर लाइट लावायचा असतो हे मला एका नाचणाऱ्या मुलीनं शिकवलं, वरती "एवढं पण कळत नाही का" असं म्हणून.

आता बीए नाटक म्हणजे काय करतात. घरच्यांना वाटतं दिवसभर डायलॉग. आमच्या हातात पहिल्या दिवशी संहिता नाही आली, झाडू आला. तालमीची जागा झाडायची, चपला बाहेर, सतरंज्या घडी करून. मला आठवडाभर राग आला होता, घरी फोन करून सांगितलं पण की हे काय चाललंय. पण खिळा कुठं वर आलाय आणि कुठली फळी करकरते हे झाडणाऱ्यालाच माहीत असतं, बाकीचे प्रयोगात शोधतात. सकाळी शरीर आणि आवाज, दुपारी थिअरी, म्हणजे भरताचं नाट्यशास्त्र, स्तानिस्लाव्हस्की, ब्रेख्त, मराठी रंगभूमीचा इतिहास (त्यात तुझी सांगली पहिल्याच पानावर येते, आजोबांना सांग), संध्याकाळी तालीम, आणि ती संपायची वेळ कुणीच सांगत नाही. अभिनय हा त्यातला एक भाग. नेपथ्य, प्रकाश, वेशभूषा, रंगभूषा सगळ्यातनं फिरवतात. मला पहिल्याच प्रॉडक्शनला लाइटला टाकलं, काम नाही मिळालं म्हणून बाथरूममधे जाऊन रडलो होतो, आणि त्याच प्रयोगात माझ्याकडनं ब्लॅकआऊट उशिरा गेला. दीड सेकंद असेल. मेलेला राजा उठून, मुकुट सावरत, विंगेत चालत गेला ते अख्ख्या प्रेक्षागृहानं बघितलं. आता पंधरा वर्षं झाली, तो राजा झालेला मित्र अजून मला फोनवर हॅलो न म्हणता "दिवा घालव" म्हणतो.

ऑडिशन. दोन-तीन मिनिटांचं स्वगत पक्कं पाठ करून जा, नाटकातलं. मालिकेतला सीन नको, सिनेमातला तर अजिबात नको. आणि पाठ करताना सुरात पाठ करू नकोस, कारण ते लोक एकदा ऐकून घेतात आणि मग म्हणतात, हेच आता भांडी घासता घासता म्हण. किंवा शेजारी बाळ झोपलंय असं समजून म्हण. तिथं सगळे अडकतात, हात भांडी घासतात आणि तोंड स्पर्धेतल्यासारखं बोलतं. तू म्हातारीचं काम बॅकस्टेजला ऐकून ऐकून शिकलीस ना, इस्त्री करता करता, तुला हे जमेल बघ. मुलाखतीत काय वाचलंस, शेवटचं नाटक कुठलं बघितलंस हे विचारतात, खरं सांग. नसेल बघितलं तर नाही बघितलं. न बघितलेल्या नाटकाचं कौतुक करणारी पोरं त्यांना लांबनं ओळखू येतात.

पैशाचं नंतर लिहितो, सेट लावायला चाललोय.

---

तिहाई_आली_का

कथकमधे बीए, एमए, आता स्वतःचा क्लास आहे आणि एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. वेताळचं बरोबर आहे पण तो नाटकवाला, त्यामुळे नाचाचं मी सांगते.

विशारद आणि विद्यापीठाची पदवी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे आधी डोक्यात घे, कारण आपल्याकडे आया मला सर्रास विचारतात की विशारद झाली म्हणजे ग्रॅज्युएट झाली ना. गांधर्वच्या प्रारंभिकपासून विशारद पूर्णपर्यंत सात परीक्षा, मेहनत असतेच, वाद नाही. पण पुढं कॉलेजात शिकवायचं ठरवलंस तर विद्यापीठाची एमए लागते आणि वर नेट किंवा सेट (प्राध्यापक व्हायची पात्रता परीक्षा). आणि गंमत म्हणजे नेटला नृत्य आणि नाटक हा एकच विषय आहे, एकच पेपर. म्हणजे मला ब्रेख्त वाचावा लागला आणि वेताळसारख्यांना हस्तमुद्रा पाठ कराव्या लागतात. तुझा "दोन्ही एकत्र करता येईल का" प्रश्न तिथं आपोआप सुटतो, फक्त पाच वर्षांनी.

क्लासमधे आणि पदवीला काय फरक पडतो तर एक प्रसंग सांगते. दुसऱ्या वर्षाच्या प्रात्यक्षिक परीक्षेला मी छान तयारी करून गेले, थाट, आमद, तोडे, परण, सगळं गुरूंनी बसवलेलं. परीक्षकांनी लेहरा (तालाची फिरत राहणारी धून) चालू ठेवायला सांगितला आणि म्हणाले आता नवव्या मात्रेवरून एक तिहाई घे, म्हणजे एकच बोल तीनदा आणि शेवट बरोबर समेवर, तुझी. तुझी म्हणजे? माझी कुठली, माझ्याकडं होत्या त्या सगळ्या ताईंच्या होत्या. तीन आवर्तनं नुसती तत्कार (पायांचे बोल) करत राहिले, घाम, आणि मग डोक्यात आलं की तीनतालाच्या सोळा मात्रा, पहिली म्हणजे सम, नववीला खाली (टाळी नसलेली मात्रा), नवव्यापासून पुढच्या समेपर्यंत धरून नऊ मात्रा होतात, म्हणजे तीन मात्रांचा बोल मधे जागा न सोडता तीनदा. तिगदा दिगदिग थेई, तिगदा दिगदिग थेई, तिगदा दिगदिग थेई. आली सम. इतकी साधी, लहान मुलींना शिकवतात ती. पण ती मी हिशोब करून काढली होती, पाठ केलेली नव्हती. पदवीत तुला हे शिकायला मिळतं, बाकी तोडे काय क्लासला पण मिळतातच.

पुण्यात कथक शिकायचं तर इथं रोहिणीताई भाट्यांची सावली सगळीकडं आहे. १९४७ ला त्यांनी नृत्यभारती काढली तेव्हा बऱ्या घरच्या मुलींनी नाचायचं म्हणजे काय ते तुझ्या आजोबांच्याही आधीच्या पिढीला विचार. त्यांनी नाचाबरोबर लिहायची, वाचायची, बंदिशीतल्या शब्दांकडे बघायची सवय लावली आणि ती अभ्यासक्रमात उतरली, त्यामुळे थिअरी टाळता येईल असं समजून येऊ नकोस.

आणि हे कुणी सांगणार नाही म्हणून सांगते. जिथं प्रवेश घेणार तिथला नाचाचा हॉल आधी बघून ये. जमीन बघ. मी एमएच्या आधी एका ठिकाणी (नाव नको) वर्षभर सिमेंटवर बसवलेल्या फरशीवर रोज दोन-दोन तास तत्कार केली, वर प्रत्येक पायात शंभर घुंगरू, आणि वर्षाच्या शेवटी नडगीत अशी कळ यायला लागली की जिना उतरताना कठडा धरायचे. डॉक्टरांनी सहा आठवडे पाय आपटायचा नाही सांगितलं. लाकडी जमीन, आणि खाली पोकळी असलेली, असली तर टाच आपटल्यावर आवाज घुमतो आणि पाय परत वर येतो. फरशीवर आवाज नुसता टप्प येतो. चप्पल काढून एकदा टाच मारून बघ, कळेल. कोणी काय करतेस विचारलं तर सांग बघतीये.

---

तिसरी_घंटा_६२

मी बँकेतून निवृत्त, ३० वर्षे हौशी रंगभूमीवर काम केले. तरुण मंडळी रागावतील पण बोलतो. डॉ. लागू कान-नाक-घशाचे सर्जन. डॉ. घाणेकर दंतवैद्य. डॉ. आगाशे मानसोपचारतज्ज्ञ, जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ. मराठी रंगभूमी ही डॉक्टरांनी, बँकवाल्यांनी, एलआयसीवाल्यांनी, शाळामास्तरांनी उभी केली. आम्ही पाच वाजता काउंटर बंद करून सहाला तालमीला असायचो. राज्य नाट्य स्पर्धा १९५४ पासून चालू आहे, तिथे कुणी पदवी विचारत नाही. पुरुषोत्तम करंडक ही कॉलेजांची एकांकिका स्पर्धा १९६३ पासून, तिथेही इंजिनिअरिंगची, मेडिकलची मुले बक्षिसे नेतात. बेटा, वडील बरोबर सांगत आहेत. बीकॉम कर, चांगली नोकरी धर, कॉलेजमधून करंडक कर, नाटक कुठे पळून जात नाही.

---

विंगेतला_वेताळ

काका तुमच्या पिढीबद्दल पूर्ण आदर आहे पण पाच वाजता सुटणारी नोकरी आता दाखवा मला कुठंय ती. माझ्या बॅचचा एक मित्र हिंजवडीत आहे, हौशी ग्रुपमधे काम करतो, तो तालमीला पोचतो साडेनऊला आणि गाडी लावायला जागा मिळेपर्यंत दहा. नंतर सगळेजण मोबाईलवर संहिता उघडून वाचतात आणि साडेअकराला वॉचमन हाकलतो.

आणि तुम्ही डॉक्टरांची यादी दिलीत त्यात एक नाव राहिलं. सतीश आळेकर सर. बायोकेमिस्ट्रीवाले, बी. जे. मेडिकलला नोकरीला होते, नाटकात तोपर्यंत एवढं नाव झालेलं. १९९६ ला तीच नोकरी सोडून ते ललित कला केंद्राचे प्रमुख झाले आणि २००९ पर्यंत तिथं शिकवत होते. म्हणजे नोकरी सांभाळून नाटक कसं करायचं हे ज्याला सगळ्यात चांगलं जमलं होतं त्याच माणसाला वाटलं की हे दिवसभर बसून शिकवण्यासारखं आहे.

---

तिसरी_घंटा_६२

हे मात्र खरे. तरी बीकॉमचा फॉर्म भरून ठेवायला काय जाते.

---

पैठणगेट

मी औरंगाबादचा, म्हणजे आताच्या संभाजीनगरचा, बामूच्या (डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या) नाट्यशास्त्र विभागातला. सगळे पुणं पुणं करायलेत म्हणून लिहायलो. ताई, पुण्याला नंबर नाही लागला तर रडत बसू नको, इकडं बी नाट्यशास्त्र विभाग हाय, जुना हाय, मुंबईला कलिन्यात अकादमी ऑफ थिएटर आर्ट्स हाय पण ते ग्रॅज्युएशननंतरचं, दोन वर्षाचं. तिथंच लोककला अकादमी बी हाय, लावणी, भारूड, गोंधळ असलं शिकायचं असंल तर. बडोद्याच्या एम. एस. युनिव्हर्सिटीत नाच, नाटक दोन्हीच्या डिग्र्या हायेत, तिथं संगीत शाळा सयाजीरावांनी १८८६ ला काढली होती, मराठी बोललं तरी चालतंय निम्म्या गावात.

आता झेपंल का ते सांगतो. माझ्या घरी कोरडवाहू चार एकर. सरकारी विद्यापीठाची फी परवडती, खासगी अॅक्टिंग स्कूलच्या फीत आमचं अख्खं वर्ष निघंल, त्यांच्या जाहिरातीला भुलू नको. खर्च व्हतो तो राहण्याचा आन खाण्याचा. मी कमवा आणि शिका मधी होतो, सकाळी झाडांना पाणी घालायचं, लायब्ररीत पुस्तकं लावायची, त्यात मेसचं भागायचं थोडंफार. पुणे विद्यापीठात बी ती योजना हाय, पहिल्याच आठवड्यात जाऊन नाव दे, नंतर जागा भरत्यात.

एक गोष्ट मनात राहिलीय ती लिहितो. एका ठिकाणी (नाव सांगत नाही, लांबचं हाय) वर्कशॉपला गेलो होतो पहिल्या वर्षाला असताना, तिथल्या शिकवणाऱ्यानं मला सगळ्यासमोर "आणि" म्हणायला लावलं. मी म्हणलो "आनि". परत. "आनि". असं वीस मिनिटं. पोरंपोरी हसायली. त्यानं सांगितलं की आधी हा गावठी ण-न सुधार, मग नाटकाचं बघू. मी रात्री परत यायच्या बसमधी बसून आणि आणि आणि असं म्हणत होतो, शेजारचा माणूस उठून दुसऱ्या सीटवर गेला. मग विभागात आलो तर आमच्या सरांनी मला त्याच भाषेत एक सीन करायला दिला, आजीच्या बोलण्यावरून मीच लिहिलेला, आन म्हणले ण तर शिकच, तुझ्या हातात एक हत्यार जास्त असू दे, पण हे टाकून देऊ नको. आता मला दोन्ही येतंय. डबिंगला ण वालं जातंय आन सिनेमात काम मिळतंय ते न वाल्यावर. तुझं सांगलीचं "काय करालंयस" पुण्यात गेल्यावर लपवू नको एवढंच.

---

अलारिपू_ते_तिल्लाना

मधेच येते. सगळे कथक कथक करताय पण धाग्याचं शीर्षक वाचून भरतनाट्यमवाल्या पण येतील म्हणून. मुंबईत नालंदा नृत्य कला महाविद्यालय आहे, डॉ. कनक रेळे यांनी उभं केलेलं, मुंबई विद्यापीठाशी संलग्न, तिथं भरतनाट्यम आणि मोहिनीअट्टम. पुण्यातही भरतनाट्यम आहेच.

आणि मला दर वेळी ऐकावं लागतं की हे साउथचं, आपलं नाही. तंजावरला भोसल्यांचं राज्य होतं ना बाबांनो. ज्या चार भावांनी आजचा मार्गम्, म्हणजे भरतनाट्यमच्या कार्यक्रमाचा क्रम, बसवला, अलारिपूपासून तिल्लानापर्यंत, ते चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू सरफोजी राजांच्या दरबारात होते. आणि सरफोजींनी स्वतः नाचासाठी मराठीत निरूपणं, म्हणजे नाचायच्या रचना, लिहिली. मराठीत! मुंबईच्या नृत्यगुरू आचार्य पार्वतीकुमारांनी त्यावर काम करून ती परत नाचायला आणली नसती तर आपल्याला पत्ता पण नसता. मी एमएला त्यावरच लिहिलं. व्हायव्हाला "विषय मराठी रंगभूमीचा आहे की नृत्याचा" असं विचारलं, मी म्हणाले तंजावरात हा प्रश्न कुणाला पडला नसता. मार्क बरे मिळाले 😄

मुलीला एक सांगते, नाटकाला गेलीस तरी कथक सोडू नकोस. रोहिणी हट्टंगडी पुण्याच्या, १९७१ ला दिल्लीला एनएसडीत (नॅशनल स्कूल ऑफ ड्रामा) गेल्या, अल्काझी संचालक होते तेव्हा, आणि भरतनाट्यम, कथकली शिकलेल्या आहेत. त्यांचं रंगमंचावरचं नुसतं वळणं बघ कधीतरी.

एनएसडी पण लक्षात ठेव, पण ते पदवीनंतर, आणि आधी नाटकात काम केलेलं असावं लागतं. म्हणजे आत्ता टेन्शन घेऊ नको.

---

विंगेतला_वेताळ

सेट लागला, आता पैशाचं. पप्पांना आकड्यात हवंय म्हणालीस म्हणून खरं सांगतो, गोड करून नाही.

नाटकात पगार नसतो, नाईट असते, म्हणजे प्रयोगामागं मिळणारे पैसे. प्रयोग झाला तर नाईट, नाही झाला तर नाही. पावसाळ्यात प्रयोग कमी, परीक्षांच्या दिवसात कमी, आयपीएल असली की रडारड. नवीन माणसाची नाईट एवढी असते की पुण्याहून मुंबईला प्रयोगाला जाऊन वडापाव खाऊन आलास की उरतं काय ते बघायला चष्मा लागेल. माझ्या वर्गातल्या बारा जणांपैकी फक्त नाटकावर जगतो तो मी एकटा, आणि ते पण लाइटमुळे, कारण लाइटवाला लग्नाच्या संगीतला पण लागतो, कॉलेज गॅदरिंगला पण आणि कंपनीच्या इव्हेंटला पण. दोघं मालिका लिहितात, ते सगळ्यात श्रीमंत आणि सगळ्यात कमी झोपलेले. एक शाळेत नाट्यशिक्षक आहे, त्यासाठी त्यानं वेगळं बीएड केलं. एक डबिंग, एकीचा कॉस्च्युमचा धंदा जोरात आहे, एक तलाठी झाला, एक परत गावी शेतीला पण दरवर्षी गावात नाटक बसवतो आणि माझ्याकडनं फुकट लाइट नेतो. बाकीचे मुंबईत आहेत, ऑडिशन देतात, दिवाळीत फोन होतो.

मालिकेत चेहरा दिसावा म्हणून डिग्री करणार असशील तर तीन वर्षं वाया घालवू नको, सरळ अंधेरीला जा. तिथं कुणी मार्कलिस्ट बघत नाही.

---

तिहाई_आली_का

नाचात जरा बरं आहे, क्लास चालतो. दहावीला शास्त्रीय नृत्याच्या परीक्षांचे वाढीव गुण मिळायला लागल्यापासून तर आठवी-नववीत अचानक कला जागृत झालेल्या मुलींची रांग लागते, दहावीचा निकाल लागला की घुंगरू माळ्यावर. त्यांच्या फीवर माझं घरभाडं जातं म्हणून मी वाईट बोलणार नाही. पण मग आठवड्याचे सहा दिवस संध्याकाळी चार ते नऊ तू दुसऱ्यांच्या पायाकडे बघत असतेस आणि स्वतःचा रियाज पहाटे, झाला तर. हे विशीत कळत नाही, तिशीत कळतं.

अजून एक, केंद्र सरकारच्या सांस्कृतिक मंत्रालयाची तरुण कलाकारांसाठी शिष्यवृत्ती असते, १८ ते २५ वयाला, महिन्याला ५,००० रुपये, दोन वर्षं, संगीत नृत्य नाटक सगळ्याला. आधीचं पाच वर्षांचं शिक्षण दाखवावं लागतं, ते तुझ्याकडं कथकचं आहे, नाटकाचं नाही. फॉर्म निघाला की भर. मला दुसऱ्या प्रयत्नात मिळाली होती.

नाटक की कथक हे मी सांगणार नाही. पण तू एवढा मोठा प्रश्न लिहिलास त्यात कथकबद्दल परीक्षा सोडून एक वाक्य नाही आणि म्हातारीबद्दल चार ओळी आहेत. बघ बाई.

---

सांगलीची_पोरगी

अय्यो एवढी उत्तरं! सगळ्यांना थँक्यू, दोनदा वाचली, आईला पण वाचून दाखवली, राजा उठून गेला तिथं आई पाणी पिता पिता ठसकली.

ताई तुमचं शेवटचं वाक्य वाचून मी जरा वेळ फोन बाजूलाच ठेवला. खरंय ते. पण कथक सोडवणार पण नाही, मग मी असं म्हणतीये की नाटकाचा फॉर्म भरते आणि विशारद पूर्ण बाहेरून देते. ऑडिशनसाठी म्हातारीचंच घेऊ का, का वय दिसत नाही म्हणून नको? आणि हो, काल रात्री भांडी घासता घासता म्हणून बघितलं, तिसऱ्या वाक्याला अडकले आणि पातेलं तसंच खरकटं.

पप्पांना नाईटचं सांगितलं नाहीये अजून. पण तिहाईचं सांगितलं. म्हणजे मी आईला सांगत होते जेवताना, सोळा मात्रा, नववीपासून धरलं की तीन त्रिक नऊ, तर पप्पा ताटातनं मान वर न करता म्हणाले, मग पाचाची असंल तर तिसरीवरनं उचलायला लागंल की. मी बघतच बसले. मला कागद घेऊन करून बघायला लागलं. बरोबर आहे ना ते?

शनिवारी पहाटेच्या गाडीनं पुण्याला चाललोय, मी आणि पप्पा. जागा बघून येऊ म्हणालेत, फॉर्मचं काही बोलले नाहीत. बीकॉमचा भरलाय, घंटावाले काका खूश व्हा.

---

तिहाई_आली_का

पाच त्रिक पंधरा, तिसरी मात्राच. काकांना हॉलमधे पण घेऊन जा, टाच त्यांना मारायला सांग.

---

विंगेतला_वेताळ

म्हातारीचंच घे. वय दिसायला रंगभूषा असते, ऑडिशनला कमरेतनं वाकू नको फक्त, सगळ्या पोरी वाकतात. स्वारगेटला उतरलात की रिक्षावाल्याशी आधी बोलून घ्या आणि युनिव्हर्सिटीच्या मेन गेटवर सोडून देतो म्हणाला तर नको म्हणा, आत बरंच चालायला लागतं. शनिवारी दुपारपर्यंत मी मोकळा आहे, मेसेज टाक, काकांना चहा पाजतो आणि नाईटचं मीच सांगतो.